परभणीच्या उन्हात जेली कशाने जमवावी?

परभणीचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून दोनदा हमखास येते. एकदा डिसेंबर-जानेवारीत, पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरला म्हणून, आणि एकदा मे महिन्यात, तोच पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे गेला म्हणून. बातमीतला आकडा बहुधा कृषी विद्यापीठातल्या नोंदीचा असतो. शेतकऱ्याला या आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण घरच्या फळांच्या रसाची जेली करायला निघालेल्या माणसानेही ते आधी वाचलेले बरे, कारण जेलीचे सगळे शास्त्र तापमानाच्या या दोन टोकांमध्ये मावते.

हिवाळ्याचे टोक आधी घेऊ. ज्या घरात पाया शिजतो, तिथे जिलेटिन म्हणजे काय हे कुणाला शिकवावे लागत नाही. रात्रभर मंद आचेवर शिजलेला रस्सा थंडीत भांड्यात उरला, तर सकाळी तो थिजलेला असतो. पातेले वाकडे केले तरी हलत नाही, बोट लावले तर थरथरतो. वर जमलेली चरबी वेगळी. तिच्याखालचा पारदर्शक, लवचिक थर म्हणजे घरी निघालेले जिलेटिन. हाडे, कातडी आणि सांध्यांच्या चिवट पडद्यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात. पाण्यात बराच वेळ शिजवले की पीळ सुटतो आणि धागे मोकळे फिरू लागतात. थंड होताना ते पुन्हा जमेल तसे एकमेकांत अडकतात, पण पहिल्यासारखे नीट नाही. त्या अर्धवट गुंत्यात पाणी कोंडले जाते. जेलीत पाणी किंवा रस शेकडा नव्वदहून अधिक असतो आणि तरी ती उभी राहते, ती या गुंत्याच्या जोरावर.

दुकानात मिळणारी जिलेटिनची पूड याच क्रियेतून निघते, फक्त कारखान्यात. आपल्या देशात जबलपूर आणि कोची इथले जिलेटिनचे उद्योग जुने आहेत. औषधाच्या कॅप्सूलचे कवच, फोटोची फिल्म आणि केकवरचा मूस या तिन्हींत हा एकच पदार्थ असतो. घरी वापरायचे प्रमाण सोपे आहे: सुमारे ७ ग्रॅम पुडीत अर्धा लिटर रस जमतो. पूड आधी थोड्या थंड पाण्यात दहा मिनिटे फुगू द्यायची, मग गरम पाण्यावर भांडे ठेवून विरघळवायची, उकळायची मात्र नाही. रसात मिसळून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवले की काम झाले. युरोप-अमेरिकेतली सगळी पुस्तके हेच सांगतात आणि त्यांच्या हवेत ते बरोबरही आहे.

आता मे महिना घ्या. जिलेटिनची जेली साधारण ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. तिची सारी लज्जत यातच आहे, कारण तोंडातले तापमान ३७ अंश असते आणि जेली जिभेवर आपोआप विरघळते. पण परभणीत मेच्या दुपारी स्वयंपाकघरच चाळीस अंशांवर असते. फ्रिजमधून काढलेली वाटी पाहुण्यापुढे जाईपर्यंत कडेने पाणी सुटू लागते, आणि त्यात वीज गेली तर जेलीचे सरबत होते. यात करणाऱ्याचा हात वाईट नसतो; पदार्थच त्या हवेचा नाही.

दुसरी अडचण खाणाऱ्यांची. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी; तिथे आणि आसपास माळकरी घरे पुष्कळ. जिंतूरजवळ नेमगिरीचे जैन तीर्थक्षेत्र आहे. अशा घरांत हाडांपासून काढलेली पूड गोडाच्या ताटात येणे शक्य नाही. मुस्लीम घरांत प्रश्न निराळा: जिलेटिन कोणत्या जनावराचे आणि हलाल आहे का? डुकराच्या कातडीचे जिलेटिन जगभर सर्रास बनते आणि डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असतेच असे नाही. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांची नाही म्हणायची कारणे वेगळी, पण उत्तर एकच.

ते उत्तर किराणा दुकानात दहा-दहा ग्रॅमच्या पाकिटांत मिळते: पांढुरक्या, कुरकुरीत, जवळजवळ वजन नसलेल्या पट्ट्या. चायना ग्रास. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादी वळणाच्या घरांत रमजानमध्ये दुधात शिजवून जमवलेल्या चायना ग्रासच्या वड्या इफ्तारला असतात. मराठी घरांत तेच चायना ग्रास चिकाच्या दुधाविना खरवस करायला वापरतात. घरातल्या बाईला ते माहीत असते, फक्त रसासाठी वापरायचे सुचत नाही. बाजारातल्या जेलीच्या पाकिटावर परदेशी चित्र असते, म्हणून तो पदार्थ परका वाटतो, इतकेच.

या पट्ट्यांचे नाव गवताचे असले तरी गवताशी त्यांचा संबंध नाही. त्या समुद्रातल्या लाल शैवालापासून निघतात. शास्त्रीय नाव अगर. आपल्याकडे तमिळनाडूत मन्नारच्या आखातात, रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावर, कोळी समाजातल्या बायका बुड्या मारून हे शैवाल गोळा करतात. जपानमध्ये पट्ट्या करण्याची रीत सतराव्या शतकात निघाली. क्योतोजवळच्या एका खानावळवाल्याने शैवालाची उरलेली जेली हिवाळ्यात बाहेर फेकली, रात्री ती गोठली, दिवसा वितळून तिच्यातले पाणी निघून गेले, आणि काही दिवसांनी कोरडा, हलका पदार्थ उरला, तो उकळला तर पुन्हा जेली होई, अशी कथा तिथे सांगतात. आजच्या पट्टीचा सच्छिद्र हलकेपणा पाहिला की कथेवर विश्वास बसतो.

अगर युरोपच्या विज्ञानात कसे शिरले, ही हकिगत मला परभणीकरांनी विशेष ऐकावी असे वाटते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण मिरवतो. इथे ती खरोखर कामाला येते. १८८१-८२ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस नावाचे डॉक्टर जंतूंवर काम करत होते. जंतू वाढवण्यासाठी तेव्हा जिलेटिनचा थर वापरत. त्याच्या दोन खोड्या होत्या. उन्हाळ्यात तो वितळे, आणि माणसाच्या अंगातले जंतू वाढवायला ३७ अंश उब दिली तर हिवाळ्यातही वितळे. शिवाय काही जंतू जिलेटिनच पचवून त्याचे पाणी करत. हेस यांच्या पत्नी फॅनी या प्रयोगशाळेत त्यांच्या मदतीला असत, आकृत्या काढत. तुमच्या जेल्या आणि पुडिंगे उन्हाळ्यातही घट्ट कशी राहतात, असे नवऱ्याने विचारले तेव्हा त्यांनी अगरचे नाव सांगितले. न्यूयॉर्कमध्ये लहानाच्या मोठ्या होत असताना जावातून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळले होते. जावा म्हणजे भर उष्ण कटिबंध. तिथल्या बायकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. कॉख यांनी १८८२ च्या क्षयरोगाच्या जंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनींचा नाही. आज परभणीतल्या कुठल्याही लॅबमध्ये लघवीचे ‘कल्चर’ करायला दिले, तर त्या बशीतला थर अगरचाच असतो.

त्या दोन खोड्या आपल्या स्वयंपाकघरात जशाच्या तशा भेटतात. उन्हाची वर आलीच आहे. दुसरी पपईत. मटण मऊ व्हावे म्हणून कच्च्या पपईचे वाटण लावतात. पपईतले पपेन हे विकर मांसातली प्रथिने तोडते, आणि जिलेटिन हेही प्रथिनच. म्हणून ताज्या पपईच्या किंवा अननसाच्या रसात जिलेटिन घातले तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही ते पातळच राहते. किवी, ताजे अंजीर आणि कच्चे आलेही तेच करतात. रस चांगला उकळला तर विकर मरते आणि जेली जमते. डब्यातला अननस चालतो तो आधीच उकळलेला असतो म्हणून. अगर मात्र प्रथिन नाही, साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ आहे. पपेनला तो तोडताच येत नाही. पपईचा ताजा गर, चायना ग्रासचे गरम पाणी आणि थोडे लिंबू, एवढ्यावर सुरेख केशरी वड्या पडतात.

अगरचा खरा चमत्कार त्याच्या तापमानात आहे. ते विरघळायला पाणी उकळावे लागते. थंड होताना ते ३२ ते ४० अंशांच्या आसपास जमते. पण एकदा जमले की वितळायला पुन्हा सुमारे ८५ अंश लागतात. जमण्याचा आणि वितळण्याचा आकडा इतका लांब असलेला दुसरा पदार्थ स्वयंपाकघरात सहसा सापडत नाही. परभणीचा मे कितीही तापला तरी पंच्याऐंशीला पोचत नाही, तेव्हा डबा बसमध्ये घालून मानवतहून सेलूला नेला तरी वड्या वड्याच राहतात. गंमत अशी की जमण्याच्या वेळी मात्र ऊन आडवे येते. ओटा एक्केचाळीस अंशांवर असेल तर ताट नुसते ठेवून अगर जमायला तयार नसते. अशा वेळी परातीत माठाचे पाणी ओतून त्यात ताट ठेवावे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा चांगलेच गार असते. तेवढा फरक पुरतो.

आता रसाकडे. परभणीच्या बाजारात जेलीसाठी पहिले फळ सुचते ते मोसंबी. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते जालन्याच्या मोसंबीला. पण परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, त्यामुळे परभणीकराने थोडा वाटा मागायला हरकत नसावी. आंबे बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे जेली करावीशी वाटते नेमकी तेव्हा.

मोसंबीची एक खोड रसवंतीवाल्यांना चांगली ठाऊक आहे: रस काढून ठेवला की कडवट होतो. बिया आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा यांत एक बिनचवीचे द्रव्य असते. रसाच्या आंबटपणात त्याचे हळूहळू लिमोनिन होते, आणि लिमोनिन जहाल कडू. रस तापवला तर हे काम आणखी झपाट्याने होते. म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेल्या मोसंबीचा रस उकळून जेली करणे म्हणजे औषध करणे. फळ आडवे कापावे, हाताने पिळावे, लगेच गाळावे, आणि रसाला आचेवर अजिबात नेऊ नये. इथे चायना ग्रास पुन्हा मदतीला येते, कारण ते वेगळ्या पाण्यात विरघळवून मग रसात घालता येते.

१० ग्रॅमचे एक पाकीट घ्या, कात्रीने बारीक कापा, ४०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवा. त्याच पाण्यात उकळायला ठेवा. दहा-बारा मिनिटे लागतात. चमचा वर उचलून उजेडात पाहिला की न विरघळलेले धागे दिसतात. ते दिसेनासे होईपर्यंत ढवळत राहायचे. पाणी फार आटले तर आधणाचे पाणी घालून भरून काढा. साखर याच पाण्यात, चवीप्रमाणे, चार ते सहा मोठे चमचे. गाळून घ्या. मग ६०० मिलिलिटर मोसंबीचा ताजा रस, म्हणजे मोठी सात-आठ फळे, आणि एका लिंबाचा रस, कारण मोसंबी मुळात फार आंबट नसते आणि जमल्यावर चव आणखी बोथट वाटते.

मिसळण्याचा क्षण महत्त्वाचा. अगरचे पाणी ७० अंशांवर आले आहे आणि रस खोलीतला, ३५ अंशांचा आहे असे धरा. मिश्रण साधारण ४९ अंशांवर येते. जमायला अवकाश आहे, तुम्ही निवांत ढवळून ताटात ओतू शकता. तोच रस फ्रिजमधला, ५ अंशांचा असेल तर मिश्रण ३१ अंशांवर येते. अगर ओतता ओतताच जमते, तेही गुठळ्यांत: अर्धे ताट रबर, अर्धे पाणी. ‘चायना ग्रास फाटले’ अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा याच गणिताने. परभणीचे ऊन जेलीच्या कामी येते ते फक्त इथे.

आंबट रसात अगर उकळू नये, याला आणखी एक कारण आहे. आम्लात उकळले की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेली लेचीपेची होते. चिंच, कैरी, कोकम, लिंबू यांच्यासाठी पट्ट्या थोड्या जास्त घ्याव्यात आणि रस नेहमी शेवटी घालावा. जूनमधल्या जांभळाची जेली दिसायला सर्वांत देखणी, पण आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते आणि त्यात जांभळाचा रंग निळसर, मळकट होतो. लिंबाचे काही थेंब पडले की तो पुन्हा लालसर जांभळा खुलतो. कलिंगडाच्या रसाची जेली होते, पण मला ती कधी आवडलेली नाही. कलिंगड कापून खावे.

अगरच्या जेलीच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. ती जिभेवर वितळत नाही, चावावी लागते. तिला जिलेटिनची लवचिक थरथर नसते. वाकवली तर तुटते. दुसऱ्या दिवशी ती पाणी सोडते. अगदी लहान मुलांना आणि दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मोठा तुकडा देऊ नये, बारीक तुकडे करून द्यावेत, कारण घशात अडकलेला तुकडा अंगाच्या उबेने विरघळणार नसतो. या कमतरता मान्य करूनही, हवा आणि माणसे दोन्ही पाहता, परभणीत चायना ग्रासच घ्यावे असे माझे मत आहे.

पण मराठी घरात याहूनही जुनी एक जेली आहे, जिला ना हाड लागते ना शैवाल: कवठाची. महाशिवरात्रीच्या सुमारास कवठे येतात. गूळ घालून चटणी सगळेच करतात. जेली करणारी घरे आता कमी झाली. कवठात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, आणि जेलीला फळाकडून हव्या असतात त्या याच दोन गोष्टी. पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशी एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ. ते आपण होऊन जमत नाही. त्याच्या साखळ्यांवर विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. आम्ल तो भार घालवते, साखर त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेते, आणि मग त्या एकत्र येतात. म्हणून या जेलीत साखर नुसती गोडीसाठी नसते. कमी केली तर जेली होतच नाही. विकत मिळणाऱ्या फळांच्या जेलीत विद्राव्य घटक किमान ६५ टक्के असावेत, असा नियम आहे, तो यामुळेच.

कवठाचा गर दुप्पट पाण्यात अर्धा तास मंद उकळतात आणि मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवतात. इथे पिळण्याचा मोह टाळायचा; पिळले की गढूळपणा उतरतो आणि जेली माणकासारखी लाल न होता चॉकलेटी, अपारदर्शक होते. साखर किती घालायची हे ठरवायला अन्नतंत्राच्या विद्यार्थ्यांना एक सोपी परीक्षा शिकवतात. परीक्षा अशी: चमचाभर गार रसात दोन चमचे स्पिरिट घालून हलवायचे. एकच मोठा गोळा जमला तर पेक्टिन भरपूर, रसाइतकीच साखर चालेल. दोन-तीन गोळे झाले तर पाऊणपट. नुसता चुरा झाला तर अर्धी, किंवा दुसऱ्या फळाची जोड द्यावी. हा चमचा अर्थातच फेकून द्यायचा. हिवाळ्यातल्या गाभुळ्या पेरूलाही हीच पद्धत; पेरूत आंबटपणा कमी म्हणून लिंबू लागते.

पुढे साखर विरघळवून मोठ्या आचेवर उकळायचे. लाकडी चमचा बुडवून आडवा धरला की आधी थेंब एकेक पडतात. मग दोन थेंब कडेला एकमेकांत मिसळून पापुद्र्यासारखे लोंबतात. तो क्षण आला की आच बंद. थर्मामीटर असेल तर १०५ अंश. बरणीत भरलेली ही जेली झाकण नीट असेल तर वर्षभर फ्रिजबाहेर राहते, कारण एवढ्या साखरेत बुरशीला पाणीच सापडत नाही. वाटीभर खायचा पदार्थ हा नव्हे, पोळीला लावायचा.

तयार पाकिटे घेणाऱ्यांसाठी थोडेसे. पाकिटावरचा हिरवा ठिपका हा सर्वांत सोपा खुलासा. मांसाहारी पदार्थाला आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण असतो. घटकांच्या यादीत ४०६ हा आकडा म्हणजे अगर, ४०७ म्हणजे कॅराजिनन, तेही लाल शैवालाचेच, आणि ४४० म्हणजे पेक्टिन. हिरव्या ठिपक्याच्या जेलीत बहुधा ४०७ असते. रस मात्र त्या पाकिटांत बऱ्याचदा नावालाच असतो. रंग आणि सुगंध असतो.

आणि घरची जेली बिघडलीच तर? चायना ग्रासची जेली फार सैल किंवा फार घट्ट झाली तर पुन्हा वितळवून दुरुस्त करता येते. दुधाची असेल तर बिनदिक्कत. मोसंबीची असेल तर वितळवू नये, पंच्याऐंशी अंशांपर्यंत नेताना लिमोनिन जागे होते. तशी सैल जेली रवीने घुसळावी, पेल्यात ओतावी, वर भिजवलेला सब्जा घालावा आणि फालुदा म्हणून द्यावी.